सोनेरी केलेले केस पुन्हा काळे करताना हिरवट का होतात?

लग्नसराई, भरती किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली की ब्लीच करून सोनेरी केलेले केस घाईघाईने काळे करायची वेळ येते. सोपा वाटणारा उपाय म्हणजे दुकानातून काळ्या डायचे पाकीट आणून डोक्याला लावणे. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. केस कधी शेवाळासारखे हिरवट दिसतात, कधी शाईसारखे निळसर-काळे. त्यात दोन-तीन आठवड्यांत रंग उतरून खालचा पिवळा पुन्हा डोकावू लागतो. सातारा-सांगली पट्ट्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे पाणी.

काळ्या रंगाखाली काय असते?

केसांना रंग येतो तो मेलॅनिनमुळे. युमेलॅनिन हा त्याचा काळा-तपकिरी प्रकार आणि फिओमेलॅनिन हा तांबूस-पिवळा. ब्लीचमधले हायड्रोजन पेरॉक्साइड केसाच्या आत शिरून हे मेलॅनिन फोडते. काळा केस एकदम सोनेरी होत नाही. तो आधी तांबडा-तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो. म्हणजे सोनेरी केसातून फक्त काळा रंग गेलेला नसतो, त्याखालचा तांबडा आणि नारिंगीही गेलेला असतो.

अशा पिवळ्या केसावर गडद तपकिरी रंग लावला, तर त्या रंगातली निळी छटा पिवळ्यात मिसळते. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो, हे चित्रकलेच्या वहीइतके साधे गणित आहे. गेलेले मेलॅनिन मात्र कशानेही परत येत नाही. मूळ रंगाचे केस फक्त मुळाशी नव्याने उगवतात, महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर. बाकी केसांवर मूळ रंगासारखा दिसणारा रंग चढवणे एवढेच हातात असते.

आधी तांबडा, मग काळा

चांगला हेअरड्रेसर म्हणून थेट काळ्याला हात घालत नाही. तो आधी पिवळ्या केसांवर तांबूस-सोनेरी किंवा तांबडी छटा देतो. सलूनच्या भाषेत याला ‘फिलर’ म्हणतात. त्यावर मग तपकिरी रंग चढवला जातो. या मधल्या टप्प्यात केस भगवे दिसतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण ते तसेच दिसायला हवेत.

रंगाच्या पाकिटावर आकडा असतो. १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, १० म्हणजे सर्वांत फिका सोनेरी. आपल्याकडच्या बहुतेकांचे केस १ ते ३ मध्ये बसतात, तरी पहिल्याच वेळी १ निवडू नये. ब्लीच केलेल्या केसाचे बाहेरचे खवले वादळात उचकटलेल्या कौलांसारखे उघडे असतात. त्यामुळे रंग भसकन आत शिरतो आणि अपेक्षेपेक्षा गडद दिसतो, विशेषतः टोकांना. ३ किंवा ४ पासून सुरुवात केली तर गडद करायला वाव राहतो. एकदा बसलेला १ नंबर काढायचा म्हणजे पुन्हा ब्लीच, आणि अशा केसांना ते बहुधा झेपत नाही.

डेव्हलपरही सौम्य पुरतो. केस उजळायचेच नसल्याने १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, किंवा त्याहून कमी चालते. ३० किंवा ४० व्हॉल्यूम कुणी लावू लागले तर कारण जरूर विचारावे. मुळाशी उगवलेल्या काळ्या केसांना रंग लावायची गरज नसते. उलट खालच्या केसांचा रंग त्यांच्याशी जुळवायचा असतो.

मेंदी आणि ‘काळी मेंदी’

शुद्ध मेंदी तांबूस-नारिंगी रंग देते, म्हणजे ती फिलरचेच काम करते. आधी मेंदी आणि ती धुतल्यावर नीळ, असे दोन टप्पे केले तर केस गडद तपकिरी ते काळे होतात. थेट नीळ लावली तर मात्र पुन्हा हिरवा!

बाजारात मिळणारी ‘काळी मेंदी’ ही वेगळीच वस्तू आहे. मेंदीचे पान काळा रंग देत नाही. पाकिटात काळेपणा येतो तो बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन या रसायनामुळे. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांवर नंतर ब्लीच लागले तर केस तापून तुटू शकतात.

पीपीडीची ॲलर्जी हा यातला खरा धोका. हे रसायन असलेल्या डायच्या पाकिटावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे भारतात बंधनकारक आहे, पण ती वाचतो कोण? कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबावे. आधी कधी काळ्या मेंदीने किंवा जत्रेतल्या टॅटूने फोड आले असतील, तर पीपीडी असलेला डाय लावूच नये. पापण्या सुजल्या, टाळूतून पाणी येऊ लागले तर डॉक्टरांकडे जावे. श्वास घ्यायला त्रास झाला तर एक मिनिटही थांबू नये.

पाणी आणि मोरचूद

कृष्णाकाठच्या वाई, कऱ्हाड, सांगलीत नदीचे पाणी येते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागात बोअरचे पाणी अनेकदा जड असते. साबणाला फेस येत नाही, बादलीवर पांढरा थर बसतो. तोच थर उघड्या खवल्यांच्या केसांवर बसला की रंग सारखा धरत नाही आणि लवकर निस्तेज होतो. रंगाच्या आधी क्षार काढणारा, ‘चिलेटिंग’ किंवा ‘क्लॅरिफाइंग’ असे लिहिलेला शाम्पू वापरावा. नंतर निदान शेवटचा तांब्या तरी फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा.

तासगाव भागात द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद असते, म्हणजे तांब्याचे संयुग. पोहण्याच्या तलावात सोनेरी केस हिरवे होतात त्याचे खापर क्लोरीनवर फुटते, पण खरा रंग तांब्याचा असतो. त्यामुळे सोनेरी केस घेऊन फवारणीला जाणाऱ्याने डोके बांधलेले बरे. केसांवर तांबे बसले असेल तर ते हेअरड्रेसरला आधीच सांगावे.

नंतरची निगा

पहिला रंग तीन-चार आठवड्यांत थोडा उतरतो. तेव्हा दुसरा हात द्यावा लागतो, तो सहसा जास्त टिकतो. रोज शाम्पू आणि कडकडीत पाणी टाळावे. धुण्याआधी खोबरेल लावायची आजीची सवय इथे कामाची आहे. मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली, ब्लीच केलेल्या केसांचीही. सूर्यफूल आणि खनिज तेलाने ती झाली नाही. मात्र रंग लावायच्या दिवशी डोक्याला तेल नको.

केस आखूड असतील तर हा सगळा खटाटोप न करता तीन-चार महिने थांबून सोनेरी टोके कापून टाकणे सर्वांत स्वस्त पडते.