लेखकाच्या आजोबांचे बंगळूर

* मूळ मजकुरात लेखक नुसते ‘बंगळूर’ म्हणतो. वंशावळ शोधणाऱ्याने मात्र आधी कोणते बंगळूर, पेठ (जुने शहर) की छावणी, ते ठरवावे. १८८१मध्ये म्हैसूरचे राज्य वडियारांना परत मिळाले, तरी छावणी (कँटोन्मेंट) इंग्रजांच्याच ताब्यात राहिली. ती १९४७मध्ये संस्थानाकडे आली आणि पेठ व छावणी यांच्या नगरपालिका १९४९मध्ये एक झाल्या. त्यामुळे पेठेतल्या माणसाची नोंद संस्थानाच्या दप्तरात, तर छावणीतल्याची रेसिडेंटच्या कारभारात शोधावी लागते. इंग्रज आयुक्तांच्या अमदानीत (१८३१–१८८१) कचेऱ्यांत देशस्थ मंडळींचे वजन मोठे होते. सरकारी चाकरीतला पूर्वज असेल, तर कर्नाटक राज्य अभिलेखागारातील महसुली कागद आणि नेमणुकांच्या नोंदी प्रथम पाहाव्यात. आडनावावर विसंबणे मात्र घातक. तिकडच्या पद्धतीत गावाचे व वडिलांचे आद्याक्षर, मग नाव आणि शेवटी ‘राव’ एवढेच असते. ‘कुलकर्णी’ किंवा ‘देशपांडे’ त्यात सापडेलच असे नाही. माझ्या मते मूळ गाव आणि वडिलांचे नाव हीच खरी किल्ली. वाचकांनी घरातल्या वृद्धांना या दोन गोष्टी आजच विचारून लिहून ठेवाव्यात. —संपादक