नैवेद्य देवाला, प्रसाद कुणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, देवापुढे ताट ठेवलं की आपण सहज म्हणतो, 'देवाला जेवू घातलं.' पण नैवेद्य या शब्दात जेवण नाहीच. निवेदन आणि नैवेद्य हे एकाच धातूपासून आलेले शब्द. नैवेद्य म्हणजे देवाला सांगणं, कळवणं. 'हे पिकलं, हे शिजलं, हे तुझ्यासमोर ठेवलं,' एवढंच. प्रसादाचंही तसंच. प्रसाद म्हणजे मूळात प्रसन्नता. खायची वस्तू हा अर्थ मागाहून चिकटला. जुन्या मराठीत याच शब्दाचं 'पसाय' झालं आणि ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी करताना जे मागणं मागितलं, त्याला आपण पसायदान म्हणतो. ते मागणं सगळ्या प्राणिमात्रांसाठी होतं, हे लक्षात ठेवावं.

वैदिक काळात देवाचा वाटा अग्नीत जाई. जे टाकलं ते जळून जाई, उरलेलं यजमान आणि ऋत्विज घेत. पुढे मूर्तिपूजा रूढ झाली आणि अग्नीची जागा ताटानं घेतली. पण जुनी खूण राहिलीच. नैवेद्य दाखवताना ताटाभोवती पाणी फिरवतात आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाच प्राणांना आहुती म्हणतात. हेच मंत्र जेवायला बसणारा माणूसही पहिल्या घासांना म्हणतो. म्हणजे देवाचं जेवण आणि माणसाचं जेवण यांचा विधी एकच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर स्वतःपुरतंच रांधणारा पाप खातो, असं स्पष्ट सांगितलं आहे.

आमच्या हिंगोलीकडे नैवेद्याचं ताट पाहिलं की शेत कळतं. महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील लागते. पोळ्याला पुरणपोळीचा नैवेद्य बैलाला दाखवतात, आणि तो तिथल्या तिथे खाऊनही टाकतो! चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आधी देवाला, मग घराला. माझी आजी ताटावर तुळशीचं पान ठेवी, डोळे मिटी आणि लगेच ताट उचलून पोरांपुढे करी. देव किती खातो, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

हा प्रश्न पडला तो एका पोराला. हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी नावाचं गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पंढरपूरचंही नाव घेतलं जातं. पण नर्सीची परंपरा पक्की आहे. कथा अशी की, वडील दामाशेटी बाहेरगावी गेले म्हणून लहानग्या नामदेवाला नैवेद्य घेऊन विठ्ठलाकडे धाडलं. पोर देवासमोर बसून राहिलं. देव खाईना तसा त्यानं हट्ट धरला, आणि देवाला खावं लागलं. १७६२ साली महिपतींनी भक्तविजयात नामदेवांचं चरित्र सांगितलं. पण त्याच्याही आधी, १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी संकलित केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची पदं आली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एका पदात देवाला दूध पाजल्याचा हाच प्रसंग आहे. मराठवाड्यातली नैवेद्याची गोष्ट पंजाबात पोचली, ती अशी.

त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका पदात मात्र वेगळा अनुभव आहे. भक्तीत रंगलेल्या नामदेवाला, तो हीन जातीचा म्हणून, देवळातून उठवून लावलं. तो मागच्या बाजूला जाऊन बसला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरलं. आमच्याकडे ही कथा औंढा नागनाथची म्हणून सांगतात. ज्योतिर्लिंगांत गणलं जाणारं हे देऊळ. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, तेही परंपरेनं इथंच.

श्रोतेहो, या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. पहिलीत देव शिंप्याच्या पोराच्या हातचं खातो. दुसरीत माणसं त्याच शिंप्याला देवासमोर बसू देत नाहीत. नैवेद्याचा खरा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा आहे, असं मला वाटतं. देवानं कुणाच्या हातचं घ्यावं, यावर संतांचं उत्तर ठरलेलं होतं. देवाचं कुणी, कुठे उभं राहून घ्यावं, हे मात्र माणसांनी ठरवलं.

नियमही किती बारीक! शंकराला वाहिलेलं निर्माल्य चंडाचं, भक्तानं खाऊ नये, असं शिवपुराण सांगतं. आणि लगेच ज्योतिर्लिंगांचा अपवादही करतं. गावोगावच्या महादेवाचा नैवेद्य गुरवाचा, हा बलुतेदारीतला हक्कच होता. म्हणजे प्रसाद ही भक्तीची गोष्ट होती, तशी हक्काची आणि दर्जाचीही होती.

वारकऱ्यांनी यावर काला काढला. लाह्या, दही, ज्याचं जे असेल ते एकत्र कालवायचं. मग त्यातलं कुणाचं काय, हे शोधणार कसं? आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला होणारा गोपाळकाला आणि गावच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन, यांचा अर्थ हाच. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवला, त्याच्या पितांबरावर दही सांडलं, अशीही कथा आहे. पण १३३८ मध्ये मंगळवेढ्याला वेस कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, तेव्हा त्यांना जागा मिळाली ती महाद्वाराबाहेर. आत जाण्याचा हक्क मिळायला सहाशे वर्षं लागली. १ ते १० मे १९४७ या काळात साने गुरुजींना त्यासाठी प्राण पणाला लावावे लागले.

तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं. संविधान आलं, १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदाही आला. तरी आमच्याच भागातल्या एका गावात काल्याचा प्रसाद काही ओंजळींत हातावर ठेवला जाताना आणि काही ओंजळींत वरून टाकला जाताना मी लहानपणी पाहिला आहे. काला एकच होता, मटकं एकच होतं. हाताला मात्र जात दिसत होती. त्या ओंजळीतली एक माझ्या वर्गातल्या मुलाची होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

आज नर्सीला नामदेवांचं मंदिर आहे, तसा गुरुद्वाराही आहे. पंजाबातून येणारे भाविक 'बाबा नामदेव' म्हणत येतात. गुरुद्वारा आला की लंगर आला: एका ओळीत बसायचं, वाढतील ते खायचं, शेजारी कोण हे विचारायचं नाही. आषाढ वद्य एकादशीला, परतवारीला, पंढरपूरहून आलेले वारकरी नर्सीला गर्दी करतात. हिंगोली शहरातल्या चिंतामणी गणपतीला अनंत चतुर्दशीला नवसाचा मोदक घेण्यासाठी रांगा लागतात. आज एक मोदक न्यायचा आणि इच्छा पुरी झाली की अनेक मोदक आणून द्यायचे, अशी रीत. ते मोदक मग रांगेतल्या अनोळखी माणसांच्या हातात जातात.

म्हणून माझं एवढंच निवेदन आहे. ताटात काय असावं, पुरण की मोदक, यावर आपण पुष्कळ बोलतो. पुढच्या सणाला ताट उचलल्यावर ते कुणाकुणापर्यंत जातं आणि कोणत्या हातानं दिलं जातं, तेवढं एकदा पाहावं.