अंगावर काढलेलं दुखणं मोजायचं कसं? गडचिरोलीचे दोन अभ्यास

गोसीखुर्द म्हटलं की आपल्याला धरण आठवतं. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेवर. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. तिथे पाण्याची पातळी रोज मोजली जाते. हीच नदी पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहते. धरणाचं काम सुरू होत होतं त्याच सुमारास तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग एक वेगळंच मोजमाप करत होते. ते मोजत होते बायांची दुखणी, ज्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती.

रिसर्चची तयारी करताय ना? मग हे दोन अभ्यास नीट समजून घ्या. 'मोजणारा कुठे उभा आहे' यावर उत्तर किती बदलतं, ते यातून कळतं.

पहिला अभ्यास : १९८९

बंग दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी गरीब देशांतल्या स्त्रियांच्या आरोग्याची चर्चा मुख्यतः बाळंतपण, मातामृत्यू आणि कुटुंबनियोजन याभोवती फिरायची. आजारांचे आकडे यायचे ते दवाखान्यातून. पण दवाखान्यात येते कोण? जिला त्रास असह्य झाला, जिच्याकडे गाडीभाडं होतं आणि जिला घरच्यांनी पाठवलं ती. बाकीच्या दुखणं अंगावर काढतात.

म्हणून त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ५५ टक्के स्त्रियांना तक्रार होती. आजार मात्र ९२ टक्के स्त्रियांमध्ये सापडला, सरासरी एकीला ३.६ आजार. आधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

आता साधी वजाबाकी करा. ९२ मधून ५५ गेले, राहिले ३७. म्हणजे गावातल्या किमान ३७ टक्के स्त्रिया आजारी असूनही 'काही त्रास नाही' म्हणत होत्या. फक्त प्रश्नावली घेऊन फिरलं असतं तर त्या 'निरोगी' या रकान्यात गेल्या असत्या.

दुसरा अभ्यास : बाळंतिणीच्या घरात

पहिल्या अभ्यासात एका वेळचं चित्र मिळालं, ज्याला आपण प्रिव्हेलन्स म्हणतो. पण बाळंतपणात आणि त्यानंतर नव्याने काय काय होतं, हे कळायला इन्सिडन्स लागतो. त्यासाठी आधीपासून सोबत राहावं लागतं. नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत चालू होता. त्यातच हा अभ्यास बसवला. १९९५-९६ या काळात ७७२ स्त्रिया घेतल्या. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी शेवटच्या तिमाहीपासून बाळंतपणानंतर २८ दिवसांपर्यंत घरी जाऊन निरीक्षणं नोंदवली. निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकूण ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही गुंतागुंत झाली. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के, नंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के. बेरीज ६०.६ येते म्हणून गोंधळू नका, सुमारे ८ टक्के स्त्रिया दोन्हीकडे आहेत. पेपर वाचताना असे आकडे कागदावर मांडून बघायची सवय लावा.

प्रसूतीच्या वेळी सगळ्यात जास्त आढळल्या लांबलेल्या कळा, १०.१ टक्के. नंतर स्तनांचे त्रास १८.४, पहिल्या दिवसानंतर होणारा अति रक्तस्राव १५.२ आणि जननमार्गाचा जंतुसंसर्ग १०.२ टक्के. १५.३ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूती उपचारांची गरज होती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बाळंतिणीला झालेला संसर्ग, झटके आणि स्तनांचे त्रास यांचा बाळाच्या वाईट परिणामांशी संबंध दिसला. ज्याची आपण सर्वात जास्त धास्ती घेतो, त्या लांबलेल्या कळांचा तसा दिसला नाही. बाळंतिणीची आणि बाळाची काळजी एकत्र घरीच घ्यावी, हा त्यांचा निष्कर्ष यातून आला.

आज याचं काय?

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण हा दर फक्त मृत्यू मोजतो. ताप, रक्तस्राव, गाठ आलेली छाती घेऊन जगलेली बाई त्यात कुठेच नाही. आणि बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते, अनेकदा माहेरी. ४२.९ टक्के त्रास ज्या काळात दिसला होता तो काळ आजही बहुतेक घरातच जातो. २०११ पासून आशाताई नवजात बाळासाठी ४२ दिवसांपर्यंत घरभेटी देतात. ती पद्धत गडचिरोलीच्याच कामातून पुढे आली.

तेव्हा तुम्ही पवनी, भंडारा किंवा आणखी कुठल्या तालुक्यात या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल, तर सॅम्पल साइज काढण्याआधी तीन प्रश्न लिहून काढा. माझ्या छेदात कोण आहे: दवाखान्यात आलेल्या, की गावातल्या सगळ्या? मी एका दिवसाचं चित्र घेतोय, की सोबत राहणार आहे? आणि डिस्चार्जनंतर, माहेरी गेलेल्या बाळंतिणीपर्यंत मी पोचणार कसा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर प्रपोजल अजून तयार नाही, असं खुशाल समजा.