माडीवरची वाघळे : वटवाघळांना घराबाहेर काढण्याचा इतिहास

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की शहर पुरते संपायच्या आत भिंगार सुरू होते. गाव नगरपेक्षा जुने. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला तो भिंगारजवळच, आणि त्यानंतर शेजारीच अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) वसवले. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब मरण पावला तोही भिंगारच्या मुक्कामी. जवळच फराहबाग आहे. पाथर्डी रस्त्याने पुढे गेले की डोंगरावर सलाबतखानाची कबर लागते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. छावणीत जुने बंगले आहेत आणि गावात जाड भिंतींची, धाब्याची घरे आणि वाडे. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे पुष्कळ झाले. जीवशास्त्राच्या शिक्षकाने मात्र अशा ठिकाणी आधी वर पाहावे. छताच्या काळोख्या कोपऱ्यात वटवाघळे असण्याचा संभव मोठा.

वाघूळ घरात शिरले की घर ओस पडते, अशी समजूत आपल्याकडे आहे. निरीक्षण खरे आहे, क्रम तेवढा उलटा. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला जातात, म्हातारी माणसे खालच्या दोन खणांत राहतात, माडीवर दिवा लागेनासा होतो, खिडकीचे एक फळकूट गळते आणि मग वाघळे येतात. घर आधी ओस पडते. कार्य आणि कारण यांची अदलाबदल कशी होते हे वर्गात समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मला तरी सापडलेले नाही. भीती मात्र युक्तिवादाने जात नाही. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असलेल्या पंडित नेहरूंनी त्याआधी लिहिलेल्या आत्मचरित्रात तुरुंगातील प्राण्यांवर एक प्रकरण घातले आहे. त्यात साप-विंचवांबद्दल ते बऱ्याच समजूतदारपणे लिहितात, पण वटवाघळांची आपल्याला धास्ती वाटे अशी कबुली देतात.

मी नुकताच शिक्षक झालो होतो तेव्हाची गोष्ट. भिंगारमधल्या एका परिचितांच्या वाड्यात माडीवर पंचवीस-तीस वाघळे होती. खाली जमिनीवर बेडकांचे पाय, उंदराची शेपटी, टोळांचे पंख असा कचरा रोज पडे. वास येई तो वेगळाच. घरात लग्न ठरले होते, माडी हवी होती. "तुम्ही विज्ञानाचे मास्तर, काहीतरी करा," असे मला सांगण्यात आले. मी तर्क लढवला. दिवेलागणीला सगळी वाघळे बाहेर पडतात. ती गेली की खिडकी बंद करायची, कोणालाही इजा नाही. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही ती बाहेर पडताना मोजली आणि खिडकीला गोणपाट ठोकले. त्या रात्री वाघळे परत आली आणि खिडकीबाहेर पहाटेपर्यंत घिरट्या घालत राहिली. सवय मोडायला वेळ लागतो, असे मी घरच्यांना सांगितले. चौथ्या दिवशी माडीवरून दुर्गंधी येऊ लागली. गोणपाट काढून आत गेलो, तर तुळईच्या कडेला आणि खाली जमिनीवर मिळून अकरा पिल्ले मेलेली होती.

ते प्राणी मेगाडर्मा लायरा या जातीचे होते हे मला नंतर कळले. कपाळावर जोडलेले मोठे कान, नाकावर उभे पान आणि शेपूट नाही, अशी त्यांची ओळख. या जातीची मादी वर्षातून एकदा, एप्रिल-मेच्या सुमारास, साधारणतः एकच पिल्लू देते. पिल्लू अगदी लहान असते तोवर आई त्याला पोटाशी धरून शिकारीला नेते. ते जड झाले की निवाऱ्यात टांगून एकटी जाते. मी मोजले होते ते बाहेर पडणाऱ्यांना. आत राहिलेल्यांना मोजायचे असते हे मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे. हा लेख त्यातूनच झाला.

वटवाघळांच्या शास्त्राची सुरुवातही जुन्या इमारतींतूनच झाली. इटलीतील पाव्हिया येथे लाझारो स्पालान्झानी याने १७९३ साली आंधळ्या केलेल्या वटवाघळांवर प्रयोग केले. तिथल्या कॅथीड्रलच्या घंटाघरात राहणारी काही वाघळे त्याने दृष्टी घालवून सोडून दिली आणि पुढे पुन्हा पकडली, तर त्यांची पोटे इतरांसारखीच किडयांनी भरलेली होती. जिनीव्हाच्या लुई ज्युरीनने कानात बोळे घातले तेव्हा मात्र ती आपटू लागली. वाघूळ कानांनी 'पाहते' हा निष्कर्ष समोर उभा होता, पण क्युव्हियेसारख्या मोठ्या माणसाने हे स्पर्शज्ञान असल्याचे सांगितले आणि विषय शतकभर मागे पडला. १९३८ साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने भौतिकीचे प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापुढे वाघळे धरली, तेव्हा आपल्याला ऐकू न येणारे त्यांचे ओरडणे पहिल्यांदा पकडले गेले. प्रयोगातले क्रौर्य आज डोळ्यांआड करता येत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

नावांतही इमारती आहेत. नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेलेल्या जॉफ्रवा सेंतिलेर या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या एका वाघळाच्या वंशाला पुढे टॅफोझस हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'टॅफोस' म्हणजे थडगे. या वंशातील वाघळे आपल्याकडे जुन्या कबरी, देवळे, विहिरी आणि तटबंदीच्या भेगांत राहतात. १९६२-६३ साली ब्रॉसे या फ्रेंच संशोधकाने मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जी लेखमाला लिहिली, ती या बाबतीत अजून उपयोगी आहे.

आता हाकलण्याकडे वळू. सगळ्यात जुना उपाय धुराचा. मिरच्यांची धुरी, गोवऱ्यांचा धूर, फटाके. मोठी वाघळे पळतात, लहान भेगांत आणखी खोल सरकतात, पिल्ले गुदमरतात आणि आठवडयाने मंडळी परत येतात. पकडून दूर सोडण्याचाही उपयोग नाही. कित्येक मैलांवरून ती जुना निवारा शोधत येतात.

आपल्याकडे या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर तोंड द्यावे लागले ते अजिंठ्याला. १८१९ साली जॉन स्मिथच्या शिकारी तुकडीला लेणी दिसली तोवर शतकानुशतके तिथे माणसाचा वावर नव्हता. वटवाघळांच्या विष्ठेने आणि मूत्राने भित्तिचित्रांचे जे नुकसान झाले ते भरून येण्यासारखे नव्हते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांची डागडुजी करवली. पण वाघळांचा उपद्रव आटोक्यात आला तो दारांना आणि झरोक्यांना जाळ्या बसवल्याने, कुठल्या रसायनाने नव्हे. एवढा धडा समोर असूनही पुढचा काळ रसायनांचाच निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हा सर्व रोगांवरचा उतारा झाला. आपल्याकडे १९५३ च्या मलेरिया नियंत्रण कार्यक्रमात घरोघर भिंतींवर त्याचे फवारे मारले गेले. जुन्या घरांच्या भिंतींवरचे ते पांढरे डाग ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. अमेरिकेत हीच पूड वाघळे मारण्यासाठी माळ्यांवर टाकत. त्याने झाले काय, तर अर्धमेली वाघळे अंगणात आणि रस्त्यावर पडू लागली, आणि मुले ती हातात घेऊ लागली. वाघळांना रेबीज होऊ शकतो. म्हणजे जो प्राणी माळ्यावर कोणाच्या वाटेला जात नव्हता तो विषामुळे थेट मुलांच्या हातात आला. १९७७ साली कुन्झ व सहकाऱ्यांनी अशा विषप्रयोगांनंतरच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७१ साली लेडलॉ आणि फेंटन यांनी माळ्यावर दिवे लावून पाहिले होते. संख्या घटली, पण ज्या माद्यांनी जागा सोडली त्यांच्या पिल्लांचा प्रश्न उरलाच.

मग १९८२ साली डेनी कॉन्स्टंटाइन यांचा एक छोटा निबंध आला. हे रेबीजचे संशोधक. टेक्ससमधील गुहांत हवेतूनही रेबीज पसरू शकतो का, याचा शोध त्यांनी घेतला होता. म्हणजे वाघळांपासून असलेला धोका त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसेल. त्यांनी विष सुचवले नाही, झडप सुचवली. सायकलच्या ट्यूबला जसा व्हॉल्व्ह असतो, हवा आत जाते पण बाहेर येत नाही, तसाच हा, फक्त दिशा उलटी : वाघूळ बाहेर पडते, आत येऊ शकत नाही. १९८६ साली स्टीफन फ्रांत्झ यांनी तेच काम पक्ष्यांसाठीच्या साध्या जाळीने करून दाखवले.

यातली खुबी समजून घेण्यासारखी आहे. वाघळे ज्या भेगेतून ये-जा करतात तिच्यावर बारीक जाळीचा पडदा वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटवायचा, खालून मोकळा आणि भिंतीपासून बोटभर सुटा ठेवायचा. पडदा भेगेच्या खाली हात-दीड हात लोंबला पाहिजे. संध्याकाळी वाघूळ भेगेतून निघते, भिंतीवरून सरपटत खाली येते आणि उडून जाते. परतताना ते नेहमीच्या जागीच, भेगेसमोर जाळीवर उतरते, कारण ओळखीचा वास तिथूनच येत असतो. तिथे ते धडपडते. दोन हात खाली वाट उघडी आहे हे त्याला सुचत नाही. चार-पाच रात्री गेल्या, संध्याकाळी एकही बाहेर पडेनासे झाले, की पडदा काढून भेग चुन्याने किंवा सिमेंटने बुजवायची. आपल्या घरांत तुळई आणि भिंत यांच्या मधल्या फटी, पत्र्याखालची पोकळी आणि कौलांच्या कडा अशा ठिकाणी चिमुकली पिपिस्ट्रेल आणि पिवळसर पोटाची स्कोटोफिलस राहतात, त्यांच्यासाठी हा उपाय चपखल आहे. पिपिस्ट्रेलला अर्धा इंच फटही पुरते, म्हणून पडद्याआधी बाकीच्या फटी बुजवाव्या लागतात. मुख्य भेग तेवढी शेवटी.

प्रश्न राहतो तो केव्हा करायचे हा. इंग्रजी पुस्तकांत महिने दिलेले असतात : उन्हाळ्यात नको, पिल्ले उडू लागल्यावर करा. ते वेळापत्रक थंड देशांचे आहे. आपल्यासाठी उत्तर सापडते नागपूरला. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात (आजची विज्ञान संस्था) प्रा. मो. अ. मोघे आणि नंतर प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या गर्भविज्ञानाची एक परंपराच उभी केली. १९४० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे महिन्यामागून महिना एकेका जातीच्या माद्या तपासून त्यांचे प्रजननचक्र नोंदवण्याचे काम तिथे झाले. या कामाचा उद्देश घरे वाघळमुक्त करणे हा मुळीच नव्हता, आणि तसे वापरलेलेही फारसे दिसत नाही. पण त्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या माडीला लागू पडतात. मेगाडर्मा लायराची पिल्ले उन्हाळ्यात होतात, म्हणून तिला हलवायची वेळ पावसाळा सरता सरता, नवरात्राच्या सुमारास. चिमुकल्या पिपिस्ट्रेलांत वर्षातून एकाहून अधिक वेळा विणी होतात. आणि टॅफोझस लाँजिमॅनस या थडग्यांत राहणाऱ्या जातीविषयी गोपालकृष्णांनी १९५५ साली दाखवून दिले की तिचे प्रजनन जवळजवळ वर्षभर चालू असते. म्हणजे तिच्या बाबतीत कोणताही महिना बिनधोक नाही. कॅलेंडर पाहून नव्हे, रात्री विजेरी घेऊन निवाऱ्यात डोकावूनच ठरवावे लागते. आत लोंबकळणारे, अंगावर विरळ केस असलेले पिल्लू दिसले, तर काम पुढे ढकलायचे.

दोन-तीन सूचना ओघात देतो. वाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो हे खरे, पण म्हणून धोका पत्करायचे कारण नाही. विष्ठेचा ढीग कोरडा झाडू नये. त्यातल्या बुरशीची धूळ फुप्फुसात जाऊ शकते. पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून गोळा करावा. खत उत्तम होते. आणि वाघूळ तासाला सहाशे डास खाते हे आकडे ठोकून सांगण्याआधी थोडे थांबावे. ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी १९६० साली बंद खोलीत सोडलेल्या डासांवर प्रयोग केला, तिथे मिनिटाला दहापर्यंत डास पकडल्याची नोंद आहे. त्याला साठने गुणून हा आकडा झाला. मोकळ्या आकाशात वाघूळ इतरही पुष्कळ किडे खाते, त्यात शेतीचे शत्रू असतात, एवढे सांगितले तरी पुरे.

कायद्याचाही एक इतिहास आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत टाकली होती. हे परिशिष्टच २०२२ च्या दुरुस्तीने गेले. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मधल्या काळात २०१८ साली केरळात निपाह आला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतील वाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. बातम्या वाचून वाघळांवर दगड आणि धूर घेऊन धावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की उठवलेले, भेदरलेले वाघूळ माणसाच्या अधिक जवळ येते, लांब जात नाही. डीडीटीच्या काळात हेच झाले होते.

त्या वाडयातील लग्न दुसरीकडे झाले. गोणपाट काढल्यावर वाघळे परत आली, आणि त्या वर्षी आम्ही काहीच केले नाही. पुढच्या वर्षी घटस्थापनेनंतर तीन रात्री मी माडीवर विजेरी घेऊन गेलो. आत एकही नव्हते. तिसऱ्या रात्री खिडकीला जाळी ठोकली आणि पहाटे साडेचारला अंगणात उभा राहिलो. ती आली, खिडकीशी वळली, पुन्हा वळली. उजाडता उजाडता गावाबाहेरच्या एका पडक्या चौकीकडे गेली. ती चौकी आता छप्पर नसलेली आहे. गेल्या पावसाळ्यात मुलांना घेऊन गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. वाड्याच्या मागच्या, कुलूप लावलेल्या कोठीत मात्र जमिनीवर बेडकांचे पाय पडलेले दिसले.