कथेतून कृतीकडे : पुराणांच्या अर्थशोधाची ठाण्यातील एक वाट

'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण म्हणजे मराठी माणसाने स्वतःच्याच श्रवणभक्तीवर केलेली मार्मिक टीका आहे. वांगी वर्ज्य असल्याचे व्यासपीठावरून सांगणारे पुराणिकबुवा घरी येऊन वांग्याच्या भाजीवर ताव मारतात आणि कोणी हटकले की हे उत्तर देतात. कथा ऐकण्यासाठी आणि जगणे मात्र आपल्या सोयीने, हीच आपली रीत असल्याचे ही म्हण हसत हसत मान्य करते. चातुर्मासातील प्रवचने, अधिक मासातील भागवत सप्ताह आणि गीताजयंतीची व्याख्याने यांची ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या श्रोत्यांना सवय आहे. कथा कानी पडत नाही, अशी या पट्ट्यात कोणाची तक्रार नसावी. प्रश्न पुढचा आहे. ऐकलेल्या कथेचा अर्थ कोणता घ्यायचा आणि तो खरा की मनाने रचलेला, हे कशावरून ओळखायचे? या प्रश्नाला ठाण्याशी दीर्घकाळ निगडित असलेल्या एका विचारवंताने दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. ते विचारवंत म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले.

अर्थशोधाची जुनी परंपरा

कथेमागील अर्थ शोधणे ही आधुनिक शिक्षणाने आणलेली गोष्ट आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काचार्यांनी 'निरुक्ता'त वृत्र कोण, हा प्रश्न उपस्थित केला आहे. इतिहासवाद्यांच्या मते वृत्र हा त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर, तर निरुक्तकारांच्या मते तो पाणी अडवून धरणारा मेघ. यास्कांनी ही दोन्ही मते शेजारी शेजारी नोंदवली. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले. हे रूपक मनात ठेवून कुरुक्षेत्रावरील अर्जुनाच्या रथाकडे पाहणाऱ्याला ते युद्ध केवळ भावाभावांचे वाटत नाही.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीने हीच रीत लोकभाषेत आणली. शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या आरंभी गणेशवंदन आहे, पण तेथील गणपती शब्दब्रह्माचा आहे. षड्दर्शने हे त्याचे सहा हात, पुराणे हे त्याचे अलंकार आणि अकार, उकार, मकार मिळून त्याची ओंकाररूप आकृती. एकनाथांनी भारुडांतून विंचू, जोशी, गोंधळी अशा रोजच्या ओळखीच्या रूपांत अध्यात्म सांगितले. विसाव्या शतकात लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य कर्मयोग असल्याचे प्रतिपादन केले. सारांश, प्रत्येक काळाने जुन्या कथेला आपला प्रश्न विचारला आहे.

रोहा, माधवबाग आणि ठाणे

पांडुरंगशास्त्री यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोहे येथे झाला. त्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या माधवबागेत श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा सुरू केली होती. पारंपरिक पद्धतीने संस्कृत आणि शास्त्रांचे अध्ययन केल्यानंतर पांडुरंगशास्त्री त्याच पाठशाळेत प्रवचने करू लागले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्राचेही विपुल वाचन केले. १९५४ मध्ये जपानमधील जागतिक परिषदेत त्यांनी गीतेवर व्याख्यान दिले. हे विचार जगणारा एखादा समाज तुमच्या देशात आहे काय, असे तेथे त्यांना विचारण्यात आले आणि तो प्रश्न त्यांच्या मनाला लागून राहिला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

१९५६ मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठाची स्थापना केली. आज घोडबंदर मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशांना उंच इमारतींच्या रांगा दिसतात, तेथे त्या काळी रान आणि पाडे होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ च्या सुमारास, त्यांचे मोजके श्रोते भक्तिफेरीला निघाले. गावोगाव जाऊन घरोघरी भेटायचे, वर्गणी मागायची नाही, शिदोरी स्वतःची न्यायची आणि ईश्वर प्रत्येकाच्या हृदयात आहे हा गीतेच्या पंधराव्या अध्यायातील विचार सांगायचा, असा हा क्रम होता. याला त्यांनी नाव दिले 'स्वाध्याय'. हा शब्दही जुनाच आहे. उपनिषदांत तो वेदाध्ययनासाठी येतो, तर पतंजलींनी तो नियमांत गणला आहे.

शब्दांचे रूपांतर

पांडुरंगशास्त्रींच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की ते शास्त्रातील किंवा पुराणातील एखादी संज्ञा घेत, तिचा अर्थ उलगडत आणि लगेच तिला व्यवहारात जागा देत.

'अपौरुषेय' हा मीमांसकांचा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. वेद कोणा पुरुषाने रचलेले नाहीत, म्हणून ते अपौरुषेय, इतकाच त्याचा शास्त्रीय अर्थ. पांडुरंगशास्त्रींनी तो संपत्तीला लावला. गावकऱ्यांनी मिळून एक शेत कसायचे आणि प्रत्येकाने वर्षातील एकदोन दिवस तेथे पुजारी या नात्याने राबायचे. पीक ज्याने पेरले त्याने कापलेले नसते आणि ज्याने कापले त्याने पेरलेले नसते, त्यामुळे ते माझे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. ते उत्पन्न देवाचे, म्हणजेच 'अपौरुषेय लक्ष्मी'. त्यातून गरजूंच्या घरी प्रसाद म्हणून मदत पोहोचते. देणारा दिसत नसल्याने घेणाऱ्याची मान खाली जात नाही. या शेतीला 'योगेश्वर कृषी' म्हणतात. यज्ञशेष खावे, केवळ स्वतःसाठी शिजवू नये, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील विचार येथे नांगराच्या तासात उतरलेला दिसतो.

'मत्स्यगंधा' हे दुसरे उदाहरण. महाभारतकार व्यासांची माता सत्यवती कोळ्यांच्या घरी वाढली आणि नाव वल्हवत असे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी एकत्र येऊन ज्या सामुदायिक नौका चालवल्या, त्यांना तिचेच नाव देण्यात आले. नौकेवर पाळीपाळीने काम करायचे आणि मिळकत ईश्वराची मानायची, हा नियम येथेही आहे. या नावामागील आशय ठाणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. चेंदणी कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्त्या शहराच्या पोटात आहेत आणि नारळी पौर्णिमेला खाडीची पूजा होते. समाजाने ज्यांना दूर ठेवले, त्या घरातून महाभारताचा कर्ता आला, हे एका नावातून सांगितले गेले.

'वृक्षमंदिर' या प्रयोगात उपवनांना ऋषींची नावे दिली जातात आणि झाडाची निगा हीच पूजा मानली जाते. राजकोटजवळ कालावड येथील याज्ञवल्क्य उपवनापासून १९७९ मध्ये या प्रयोगाला प्रारंभ झाला. एकादशीचा अर्थही असाच पालटला. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि अकरावे मन ही देवाच्या कामी लावण्याचा दिवस म्हणजे एकादशी. महिन्याला दोन या हिशेबाने वर्षाचे २४ दिवस समाजासाठी निघतात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण रुजलेल्या समाजाला हा अर्थ अवघड वाटावा, यात नवल नाही.

या कार्याची नोंद देशविदेशात घेतली गेली. श्याम बेनेगल यांचा 'अंतर्नाद' हा १९९१ चा चित्रपट याच विषयावर होता. १९९६ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार आणि १९९९ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान पांडुरंगशास्त्रींना मिळाले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील काळात परिवारातील मतभेदही वृत्तपत्रांतून चर्चिले गेले.

अर्थाची मर्यादा

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. प्रतीक म्हणून कथा वाचताना सोयीचा तेवढा भाग उचलला जातो. सत्यवतीचेच पाहा. महाभारत तिला कोळ्याची पालित कन्या म्हणते, पण तिचा जन्म उपरिचर वसू या राजापासून झाल्याचेही सांगते. तिच्या पित्याने शंतनूला घातलेल्या अटीतून भीष्मप्रतिज्ञा झाली आणि कुरुकुलाच्या शोकांतिकेचा एक धागा तेथूनच निघतो. नौकेवरील नावात हे काहीच येत नाही. दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) ही पुस्तके मराठी वाचकाला नेमकी दुसरी बाजू दाखवतात. तेथे पात्रे प्रतीके होत नाहीत. ती चुकणारी, दुखावलेली, निर्णयाचे ओझे वाहणारी माणसेच राहतात. कथेचे मूळ दुःख नाहीसे करणारा आध्यात्मिक अर्थ कथेला सुबोध करतो, पण दरिद्रीही करतो.

तरीही दोन्ही वाचनांना एकमेकांचे शत्रू मानण्याचे कारण नाही. यास्कांनी असुर आणि मेघ हे दोन्ही अर्थ जपले, तो उदारपणा येथेही उपयोगी पडावा. कथेत काय आहे, हे ठरवताना ग्रंथाशी प्रामाणिक राहावे लागते. तेथे कर्वे आणि भागवत यांची शिस्त हवी. कथेतून आपण काय घ्यावे, हा प्रश्न मात्र निराळा आहे आणि त्याची कसोटी ग्रंथात सापडत नाही, आचरणात सापडते. पुराणाचा अर्थ सांगणाऱ्याला श्रोत्याने विनयाने एकच विचारावे, हा अर्थ मला माझ्या जातीबद्दल, माझ्या पंथाबद्दल अधिक गर्व देतो, की शेजाऱ्यासाठी एक दिवस मोडायला लावतो?

मंदिरांची, ग्रंथालयांची आणि व्याख्यानमालांची या परिसरात वाण नाही. लोकलच्या डब्यात हरिपाठ म्हणणारेही अनेक आहेत. त्या हरिपाठानंतर दारात उभ्या असलेल्या थकलेल्या सहप्रवाशाला बसायला जागा मिळाली, तर पुराणातली वांगी निदान कल्याणपर्यंत तरी पोहोचली, असे म्हणता येईल.