सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली, तर बंदूकमालक काय करतात?

जून १९९६. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं सेल हे शहर. पंतप्रधान जॉन हॉवर्ड बंदूकमालकांच्या सभेत बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी कोटाच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घातलं होतं आणि ते बाहेरून स्पष्ट दिसत होतं. ज्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुका सरकार काढून घेणार होतं, तेच लोक समोर होते.

सभेत कुणीही गोळी झाडली नाही. जॅकेट घालणं ही चूक होती, असं हॉवर्ड यांनी पुढे मान्यही केलं. त्यानंतरच्या वर्षभरात देशभरातून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका जमा झाल्या.

आता अमेरिकेतलं इलिनॉय राज्य बघा. तिथे २०२३ मध्ये अशीच बंदी आली. आधीपासून असलेल्या बंदुका मालकांना ठेवता येणार होत्या, फक्त त्यांची नोंद करायची होती. बंदूक बाळगण्याचं ओळखपत्र असलेले सुमारे २४ लाख लोक राज्यात आहेत. मुदत संपली तेव्हा नोंद करणाऱ्यांची संख्या ३० हजारांच्याही आत होती. आता या २४ लाखांपैकी प्रत्येकाकडे बंदी असलेली बंदूक होती असं नाही. तरीही हा आकडा खूपच कमी आहे.

एकीकडे लोक बंदूकच देऊन मोकळे झाले, दुसरीकडे साधा फॉर्म भरायलाही तयार झाले नाहीत. असं का होतं? बंदी आल्यावर बंदूकमालक नेमके काय करतात?

आधी हे समजून घेऊ: सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय?

पूर्ण ऑटोमॅटिक बंदुकीत घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप जागेवर येते. दर वेळी हाताने खटका मागे ओढावा लागत नाही. त्यामुळे कमी वेळात बऱ्याच गोळ्या झाडता येतात, आणि मॅगझिन मोठं असेल तर मध्ये थांबावंही लागत नाही.

अडचण अशी, की हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. शिकारीच्या रायफलीत, नेमबाजीच्या पिस्तुलात आणि शेतातले ससे मारायच्या छोट्या बंदुकीतही ते असतं. म्हणून बहुतेक सरकारं सरसकट बंदी घालत नाहीत. कुठे मॉडेलची यादी काढतात, कुठे मॅगझिनची क्षमता ठरवतात, कुठे बंदुकीची बाह्य वैशिष्ट्यं मोजतात. बंदीची व्याख्या कशी केली आहे, यावर मालकांची प्रतिक्रिया बरीचशी ठरते.

पहिली प्रतिक्रिया: बंदीआधीच खरेदी

बंदीची नुसती चर्चा सुरू झाली, तरी दुकानांत गर्दी होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ कर्मचारी मारले गेले. नव्या बंदीची मागणी जोर धरू लागली आणि त्या एका महिन्यात बंदूक खरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या २७ लाखांवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण कल स्पष्ट होता.

शेवटी देशपातळीवरची बंदी संसदेत मंजूर झालीच नाही. घराघरांत बंदुका मात्र वाढल्या. म्हणजे घोषणा आणि अंमलबजावणी यांत जितकं अंतर, तितका साठा जास्त. न्यूझीलंडने हे ओळखलं होतं. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जण मारले गेले, त्यांत भारतीयही होते. सरकारने सहाच दिवसांत बंदी जाहीर केली आणि त्याच दिवसापासून खरेदीवर निर्बंध आणले.

दुसरी प्रतिक्रिया: बंदूक जमा करणं

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांनी ‘बायबॅक’ केलं, म्हणजे बंदुका सक्तीने पण मोबदला देऊन परत घेतल्या. ऑस्ट्रेलियात खासगी मालमत्ता घेताना योग्य मोबदला देणं राज्यघटनेनेच बंधनकारक आहे. त्यासाठी तिथे करपात्र उत्पन्नावर तात्पुरती ०.२ टक्के जादा आकारणी करण्यात आली.

न्यूझीलंडमध्ये बंदुकीच्या अवस्थेप्रमाणे मूळ किमतीच्या २५ ते ९५ टक्के रक्कम मिळत होती. जुलै ते डिसेंबर २०१९ या काळात ५६ हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या.

हा आकडा मोठा की लहान? इथेच खरी मेख आहे. बंदी आलेल्या बंदुका देशात एकूण किती, हे सरकारलाच नक्की माहीत नव्हतं. परवाना माणसाला मिळत होता, बहुतेक बंदुकांची वेगळी नोंद नव्हती. अंदाज ५५ हजारांपासून थेट २ लाख ४० हजारांपर्यंत होते. म्हणजे योजना जवळपास पूर्ण यशस्वी झाली असंही म्हणता येतं आणि तीन चतुर्थांश बंदुका बाहेरच राहिल्या असंही. यातून धडा घेऊन न्यूझीलंडने २०२३ मध्ये प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू केली.

ऑस्ट्रेलियातही सगळं १९९६-९७ मध्येच संपलं नव्हतं. २०१७ मध्ये तीन महिने ‘बंदूक द्या, कारवाई नाही’ अशी देशव्यापी मोहीम झाली, तेव्हा आणखी ५७ हजारांहून अधिक बंदुका बाहेर आल्या. त्या सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक नव्हत्या. पण विनानोंदणीच्या बऱ्याच बंदुका घरांत पडून होत्या, हे त्यातून दिसलं.

तिसरी प्रतिक्रिया: गप्प बसणं

अमेरिकेत हीच प्रतिक्रिया सर्वांत जास्त दिसते. सँडी हूकनंतर न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये कायदा कडक केला आणि जुन्या ‘असॉल्ट’ बंदुकांची नोंद सक्तीची केली. २०१५ मध्ये आकडे बाहेर आले, तेव्हा जेमतेम ४४ हजार बंदुकांची नोंद झाली होती. राज्यात अशा बंदुका कितीतरी पट जास्त असल्याचे अंदाज होते.

या लोकांनी मोर्चा काढला नाही की कुणाला धमकी दिली नाही. त्यांनी फक्त फॉर्म भरला नाही. कारण विचारलं तर बरेच जण म्हणतात, आज यादी बनेल, उद्या त्याच यादीवरून जप्ती होईल. बंदुकांची केंद्रीय नोंदवही करायला अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे कुणाच्या कपाटात काय आहे, हे सरकारला कळत नाही. तिथल्या बंदूकमालकांत एक जुना विनोद आहे: ‘माझ्या बंदुका? त्या बोट उलटली तेव्हा तळ्यात बुडाल्या.’

कायदा राबवणारेही कधीकधी गप्प बसतात. इलिनॉयमध्ये डझनावारी काउंटींच्या शेरिफनी या बंदीसाठी आपण घरोघरी तपास करणार नाही, असं जाहीर केलं. शेरिफ हा निवडून आलेला अधिकारी असतो आणि बंदूकमालक हे त्याचे मतदार असतात.

चौथी प्रतिक्रिया: कायद्यात बसणारी बंदूक तयार करणं

अमेरिकेत १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं देशपातळीवर बंदी होती. काही मॉडेलची नावं आणि काही वैशिष्ट्यं कायद्यात लिहिली होती. जुन्या बंदुका मालकांना ठेवता येत होत्या. कंपन्यांनी वैशिष्ट्यं काढून तीच बंदूक नव्या नावाने विकली. बंदी आलेल्या एका पिस्तुलाच्या नव्या मॉडेलचं नावच ‘एबी-१०’ होतं. एबी म्हणजे ‘आफ्टर बॅन’, बंदीनंतर!

कॅलिफोर्नियात हा खेळ वर्षानुवर्षं चालला. मॅगझिन हाताने काढता येता कामा नये, असा नियम आला. मग गोळीच्या टोकाने दाबायचं बटण निघालं. २०१६ मध्ये ती पळवाट बंद केली, तर पिस्तुलासारखी मूठ काढून टाकलेल्या रायफली आल्या. गोळी झाडण्याचं मूळ तंत्र मात्र तेच राहिलं.

पाचवी प्रतिक्रिया: कोर्ट आणि मतपेटी

अमेरिकेत जवळपास प्रत्येक बंदीला लगेच आव्हान दिलं जातं. शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. २०२२ च्या निकालाने बंदूक कायद्यांची कसोटी आणखी कठीण केली. तरीही जून २०२५ मध्ये मेरीलँड राज्याच्या बंदीविरुद्धची याचिका ऐकायला त्याच न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे सुमारे दहा राज्यांतल्या बंद्या टिकून आहेत, पण अंतिम निकाल अजून लागलेला नाही.

रस्त्यावरची ताकदही दिसते. जानेवारी २०२० मध्ये व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड इथे २० हजारांहून अधिक लोक जमले. अनेकांच्या खांद्यावर बंदुका होत्या. हिंसा होईल अशी भीती होती, पण दिवस शांततेत पार पडला. पुढच्याच महिन्यात बंदीचं विधेयक सिनेटच्या समितीत अडकलं, तेही सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच चार सदस्यांच्या मतांमुळे.

न्यूझीलंडची गोष्ट यापेक्षा रंजक आहे. बंदीचं विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. विरोधातलं ते एक मत अॅक्ट पक्षाच्या डेव्हिड सेमूर यांचं होतं आणि संसदेत त्या पक्षाचे ते एकटेच होते. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, अॅक्टचे १० खासदार निवडून आले. त्यांत बंदूकमालकांच्या संघटनेच्या प्रवक्त्या राहिलेल्या निकोल मॅकी होत्या. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि बंदूक कायद्याचं खातं मॅकी यांच्याकडेच आलं. अॅक्टच्या वाढीमागे बंदुका हे एकमेव कारण नव्हतं, पण नाराज मतदारांना एक घर मिळालं हे खरं.

कॅनडा: ना जमा, ना मोकळीक

एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कॉशिया प्रांतात एका माणसाने २२ जणांचा जीव घेतला. १ मे रोजी सरकारने सुमारे १,५०० मॉडेलवर बंदी घातली. बंदुका परत घेण्याची व्यवस्था मात्र तयार नव्हती. मालकांना कारवाईपासून दिलेली सवलत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. अल्बर्टा आणि सस्कॅचेवान प्रांतांनी सहकार्याला विरोध केला.

२०२२ च्या शेवटी यादी आणखी वाढवायचा प्रयत्न झाला, तेव्हा शिकारी आणि आदिवासी समुदायांनी आवाज उठवला. त्यांच्यासाठी ही पोटापाण्याची हत्यारं होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. २०२५ मध्ये केप ब्रेटन भागात प्रायोगिक बायबॅक झालं, तेव्हा फक्त २५ बंदुका मिळाल्या.

भारतात असं झालंय का?

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल नाही, पण थोडं जवळचं उदाहरण आहे. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. मूळ विधेयकात ही मर्यादा एकवर आणायची होती. आक्षेप आले आणि ती दोनवर ठरली. तिसरी बंदूक वर्षभरात जमा करायची होती. नेमबाजपटूंना सवलत मिळाली.

आपल्याकडे परवान्यावर प्रत्येक शस्त्राची नोंद असते. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो आणि लोक बंदूक जमा करून पावती घेतात, हे महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना नवं नाही. सरकारला आधीपासून माहीत असतं, त्यामुळे ‘बोट उलटली’ म्हणायला फारसा वाव नसतो. अर्थात, हे झालं परवान्याच्या शस्त्रांचं. गावठी कट्ट्याची नोंद कुठेच नसते.

मग बंदी चालते की नाही?

या सगळ्या देशांत एक गोष्ट समान दिसते. बहुतेक बंदूकमालक बंदीविरुद्ध बंदूक उचलत नाहीत. ते दुकानात जातात, वकिलाकडे जातात, मतदानाला जातात किंवा कपाट बंद करून गप्प बसतात. यातलं काय निवडायचं, हे तीन गोष्टींवर ठरतं: बंदूक कुणाकडे आहे हे सरकारला माहीत आहे का, मोबदला रास्त आहे का, आणि आज दिलेला शब्द सरकार उद्या पाळेल यावर विश्वास आहे का.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. न्यूझीलंडमध्ये बायबॅक संपायला काही आठवडे उरले असताना नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेतून बंदूकमालकांची माहिती उघडी पडली. यादी करू नका म्हणणाऱ्यांना आयतंच उदाहरण मिळालं.

बंदी मागणाऱ्यांच्या मागे सँडी हूकमधली मुलं आहेत, क्राइस्टचर्चमधले नमाजी आहेत. त्यांचं दुःख खोटं नाही. आणि कधीच गुन्हा न केलेल्या माणसाला एका अधिसूचनेने गुन्हेगार ठरण्याची भीती वाटते, तीही खोटी नाही. कायदा एका रात्रीत करता येतो. तो पाळला जाईल की नाही, हे त्या कपाटाची किल्ली ज्याच्या हातात आहे, तो माणूस ठरवतो.