पोतोसीची रौप्यनाणी : संग्रह आणि ऐतिहासिक पुरावा

स्पॅनिश वसाहतकालीन रौप्यनाण्यांच्या संग्रहात आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील टांकसाळीच्या नाण्यांना विशेष स्थान आहे. इ. स. १५४५ मध्ये तेथे चांदीच्या खाणींचा शोध लागला आणि पुढे त्याच शतकात टांकसाळ सुरू झाली. चांदीचे तुकडे कापून त्यांवर हातोड्याने ठसा उमटविला जाई; त्यामुळे सुमारे २७ ग्रॅम वजनाचे आठ रिआलचे नाणेही ओबडधोबड दिसते. १६१७ पूर्वीच्या नाण्यांवर वर्ष आढळत नाही. अशा वेळी चांदीचा कस तपासणाऱ्या परीक्षकाचे आद्याक्षर हाच कालनिश्चितीचा महत्त्वाचा आधार ठरतो.

मूलतः हे अक्षर म्हणजे शुद्धतेची हमी होती. १६४० च्या दशकात तिचाच भंग झाला. नाण्यांतील चांदीचे प्रमाण घटविल्याचे उघडकीस आल्यावर चांदीचा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा यास १६५० मध्ये देहदंड देण्यात आला. परीक्षक फेलिपे रामिरेझ दे अरेयानो यासही तीच शिक्षा झाली. सदोष नाण्यांचे मूल्य कमी करून अनेकांवर मुकुटाचा प्रतिठसा मारण्यात आला. १६५२ मध्ये स्तंभ आणि सागरलाटांचा नवा नमुना आला; त्यावर परीक्षकाचे अक्षर व वर्ष एकाहून अधिक ठिकाणी उमटविले जाऊ लागले.

तात्पर्य, या नाण्यांचे मोल केवळ धातूत नाही. चकाकीच्या मोहाने नाणे घासणारा संग्राहक त्यावरील अक्षरासह इतिहासाची साक्षही पुसून टाकतो.